लिफ्ट आहे, पण पलीकडे जाता येतं का?

पादचारी पुलाला लिफ्ट बसली की कागदोपत्री तो पूल 'दिव्यांगस्नेही' होतो. आता व्हीलचेअरवरचा माणूस तिथे कसा पोचतो ते बघा. फूटपाथवरून लिफ्टच्या चौथऱ्यापर्यंत, चौथऱ्याच्या रॅम्पवरून दारापर्यंत, दारातून केबिनमध्ये, वर पुलावर, पूल संपल्यावर दुसऱ्या लिफ्टमध्ये, खाली चौथऱ्यावर, रॅम्पवर, आणि परत फूटपाथवर. यातलं एक जरी अडलं तरी रस्ता ओलांडला जात नाही. जिना चढणाऱ्याला एखादी पायरी तुटलेली असली तरी चालतं. व्हीलचेअरला इथे 'जवळपास पोचलो' असं काही नसतं.

साधा हिशोब करू. समजा एका बाजूची लिफ्ट वर्षातले ९५ टक्के दिवस चालते. ऐकायला बरं वाटतं. पण लागतात दोन लिफ्ट, आणि दोन्ही एकाच वेळी. म्हणजे ०.९५ × ०.९५, साधारण ०.९०. दहा दिवसांतला एक दिवस पूल बंद. चालण्याचं प्रमाण ९० टक्क्यांवर आलं तर ०.८१, म्हणजे पाच दिवसांतला एक दिवस बंद. त्यात परत यायचंही असतं. सकाळी ओलांडलेला रस्ता संध्याकाळी ओलांडता येईल याची खात्री नसेल तर माणूस सकाळीही निघत नाही. म्हणून 'पुलाला लिफ्ट आहे का' या प्रश्नाच्या आधी 'दोन्ही लिफ्ट एकत्र किती दिवस चालू होत्या' हे विचारायला हवं. या आकड्याची नोंद ठेवणं अवघड नाही, लिफ्टच्या कंट्रोलरमध्ये, म्हणजे तिला चालवणाऱ्या नियंत्रण-पेटीत, बिघाडांची यादी वेळेसकट साठवलेली असते.

माझं मत आधीच सांगून टाकतो: जिथे सिग्नल आणि झेब्रा क्रॉसिंग शक्य आहे तिथे लिफ्टचा पूल हा वाईट पर्याय आहे. वीस मीटर रुंद रस्ता व्हीलचेअरवर सावकाश, सेकंदाला ०.८ मीटर वेगाने, ओलांडायला २५ सेकंद लागतात. दुभाजकात दीड मीटर खोल मोकळी जागा ठेवली तर दोन टप्प्यांतही जाता येतं. पुलावरून तेच अंतर म्हणजे लिफ्टची वाट, दार, चढणं, पूल, पुन्हा वाट, उतरणं, आणि सगळं सुरळीत असलं तरी चार-पाच मिनिटं. भारतीय रस्ते काँग्रेसची पादचारी सुविधांची आयआरसी १०३ ही मार्गदर्शिकाही रस्त्याच्या पातळीवरच्या क्रॉसिंगलाच पहिली पसंती देते. पण मुंबईतला पूर्व किंवा पश्चिम द्रुतगती महामार्ग असेल, तर सिग्नलचा आग्रह धरून फारसा उपयोग नाही. तिथे पूल असणार, आणि पूल असेल तर लिफ्ट लागणारच.

लागणारच का, तर उंचीमुळे. शहरी रस्त्यावर वाहनांसाठी साडेपाच मीटर उंची मोकळी सोडावी लागते. त्यावर गर्डर आणि पाटा धरला तर चालायची पातळी सहा मीटरच्या वर जाते. सहा मीटर चढायला १:१२ चा, म्हणजे बारा मीटरला एक मीटर चढणारा, रॅम्प केला तर नुसता उतार ७२ मीटर. दर नऊ मीटरला दीड मीटरचा सपाट टप्पा हवा, म्हणजे मध्ये सात टप्पे, आणखी साडेदहा मीटर. एका बाजूला साडेब्याऐंशी, दोन्ही बाजूंचे मिळून १६५ मीटर. एवढी जागा आपल्या रस्त्याकडेला कुठून येणार? आणि असली तरी हाताने खुर्ची ढकलणाऱ्याच्या खांद्यांचं काय होईल?

मुंबईत २००८ मध्ये वांद्र्याचा पहिला स्कायवॉक झाला, त्यामागोमाग तीसहून जास्त झाले, आणि त्यातले बहुतेक जिन्यांचेच होते. आता अशा पुलांना मागाहून लिफ्ट जोडायची म्हटलं की पहिली अडचण जमिनीखाली येते. लिफ्टला खाली सुमारे दीड मीटर खोल खड्डा, म्हणजे पिट लागतो. जुन्या फूटपाथखाली जलवाहिनी, विजेच्या केबल, गॅसची पाइपलाइन, पावसाळी गटार. ते हलवायचं तर पाच खात्यांच्या परवानग्या. मग जिथे खाली काही नाही अशी जागा शोधली जाते, आणि लिफ्ट जिन्यापासून तीस-चाळीस मीटर लांब, एखाद्या टपरीच्या आड जाऊन बसते. वर शाफ्टची, म्हणजे केबिन ज्यातून वर-खाली जाते त्या उभ्या खोक्याची, रुंदी दोन-अडीच मीटर, फूटपाथ जेमतेम तेवढाच. म्हणजे लिफ्ट आली आणि फूटपाथ गेला. लिफ्टपर्यंत जायला गाड्यांतून जावं लागतं, अशी गंमत त्यातूनच होते.

आता केबिन. निविदेत 'आठ प्रवासी' लिहिलं की बहुतेक जण खूश असतात. आठ प्रवासी म्हणजे माणशी ६८ किलो धरून ५४४ किलो, आणि भारतीय मानकानुसार केबिन १३०० मिमी रुंद, ११०० मिमी खोल, दार ८०० मिमी. साध्या घडीच्या खुर्चीची लांबी १०५० ते १२०० मिमी, बसलेल्याची पावलं पुढे येतात ती वेगळी. म्हणजे खुर्ची आत गेली तरी पायाची बोटं किंवा मागचे दांडे दाराच्या रेषेत राहतात, दारातल्या इन्फ्रारेड पडद्याचे अदृश्य किरण अडत राहतात आणि दार मिटतच नाही. ढकलणारा सोबती तर बाहेरच. म्हणून निदान तेरा प्रवाशांची, ८८४ किलोची लिफ्ट हवी: २००० रुंद, ११०० खोल, दार ९००. तीही काही आदर्श नाही, कारण आत शिरून खुर्ची आडवी वळवून लावावी लागते. जागच्या जागी पूर्ण वळायला १५०० मिमीचं वर्तुळ लागतं, ते ११०० खोलीत मिळत नाही.

याला चांगला उपाय आहे आणि पुलाच्या लिफ्टला तो फार सहज बसतो: समोरासमोर दोन दारांची केबिन. खाली एका बाजूने आत, वर दुसऱ्या बाजूने बाहेर. वळायचं नाही, मागे यायचं नाही. पुलाच्या लिफ्टला थांबे दोनच असल्यामुळे हे कराव्या तेवढ्या ठिकाणी करता येतं, फक्त आराखड्याच्या वेळी सुचावं लागतं. एकच दार असेल तर समोरच्या भिंतीवर आरसा हवा. उलटं बाहेर येताना मागे काय आहे ते त्यातच दिसतं. लोक तो केस विंचरायला वापरतात, वापरोत.

बटणं ८०० ते १००० मिमी उंचीवर, हे सगळ्यांना पाठ असतं. विसरतात ते कोपऱ्यापासूनचं अंतर. बटणांची पट्टी अगदी दाराच्या कोपऱ्यात असली तर खुर्चीची पावलं आधी भिंतीला टेकतात आणि हात पोचत नाही. कोपऱ्यापासून किमान ४०० मिमी सोडायला हवं. बाहेरच्या बटणालाही हाच नियम, आणि त्याखाली कचऱ्याचा डबा ठेवायचा नाही.

तीनचाकी सायकलीचा प्रश्न मात्र कोणी विचारातच घेत नाही. आपल्याकडे शिबिरांतून हाताने चालवायच्या तीनचाकी मोठ्या संख्येने वाटल्या जातात. तिची लांबी दीड मीटरच्या पुढे, तेरा प्रवाशांच्या केबिनमध्येही ती सरळ मावत नाही. मोटर पुढे जोडलेल्या नव्या खुर्च्यांचंही तेच, पुढचा भाग काढला तरच त्या आत जातात. ज्या भागात तीनचाकीवाले जास्त, तिथे स्ट्रेचर मावेल अशी खोल केबिन घेणं हाच मार्ग.

दाराबद्दल थोडं सविस्तर, कारण बहुतेक बिघाड तिथेच होतात. दार खाली एका खाचेत सरकतं. रस्त्यावरच्या लिफ्टच्या खाचेत खडी, वाळू, गुटख्याची पाकिटं, बाटल्यांची झाकणं जातात. दार शेवटचे चार-पाच मिलिमीटर मिटत नाही, दार पूर्ण मिटल्याची खात्री करणाऱ्या कुलपाचा, म्हणजे इंटरलॉकचा, संपर्क होत नाही, आणि संपर्क झाल्याशिवाय लिफ्ट हलणार नाही. ती तशीच बनवलेली असते आणि तेच बरोबर आहे. अशा वेळी 'लिफ्ट खराब' म्हणून कंपनीला फोन जातो, तंत्रज्ञ दोन दिवसांनी येऊन स्क्रू ड्रायव्हरने खाच साफ करतो आणि निघून जातो. झाडूवाल्याला रोज सकाळी एक ब्रश आणि दोन मिनिटं दिली तर हे निम्म्याहून कमी होईल. खाचेला खालून आरपार छिद्रं असलेली पट्टी घेतली तर कचरा पिटमध्ये पडतो, तिथून महिन्याला काढता येतो.

दार किती वेळ उघडं राहतं, हेही बघायचं. बहुतेक ठिकाणी ते तीन-चार सेकंदांवर ठेवलेलं असतं. खुर्चीवाल्याला दार उघडलेलं बघून, खुर्ची काटकोनात आणून, उंबरा पार करायला आठ-दहा सेकंद लागतात. ही कंट्रोलरमधली एक सेटिंग आहे, बदलायला सुटा भाग लागत नाही, पैसे लागत नाहीत. आणखी एक सेटिंग बंद करून घ्यावी: नजिंग. दार बराच वेळ अडलं तर लिफ्ट बझर वाजवत इन्फ्रारेड पडद्याकडे दुर्लक्ष करून दार हळूहळू मिटवते. गप्पा मारत दारात उभ्या राहणाऱ्यांसाठी ते ठीक आहे. चाक फटीत अडकलेल्या माणसासाठी ते फार वाईट.

फटीवरून आठवलं. केबिन आणि जमीन यांच्यामधली फट वीसेक मिलिमीटर असावी आणि पातळीतला फरक दहा मिलिमीटरच्या आत. खुर्चीची पुढची छोटी चाकं गरकन फिरतात. तिरकी आलात तर ती फटीच्या रेषेत वळून आत बसतात. म्हणून नेहमी काटकोनात यावं, आणि पातळी चुकलेली दिसली तर उलटं, मोठी चाकं आधी, असं आत शिरावं. फट मोजायला पट्टी नसेल तर दहा रुपयांचं नाणं २७ मिमी व्यासाचं असतं. ते फटीवर आडवं ठेवलं आणि खाली पडलं, तर फट नक्कीच जास्त आहे. दहा रुपये गेले, पण तक्रारीत लिहायला आकडा मिळाला.

पावसाळा हा या सगळ्याचा बाप. पिट जमिनीखाली असतो, त्यामुळे रस्त्यावर घोटाभर पाणी साचलं की ते आधी तिथे उतरतं. खाली धक्का झेलणारा बफर, वेगावर नजर ठेवणाऱ्या गव्हर्नरची ताणपुली, सेफ्टी स्विच, लोंबती केबल हे सगळं असतं. पाणी स्विचपर्यंत गेलं की लिफ्ट बंद, आणि पाणी उपसल्यावरही ओल गेल्याशिवाय चालू करायची नसते. यावर तीन गोष्टी लागतात. एक, दारासमोरचा चौथरा रस्त्यापेक्षा उंच. तीनशे मिमी चौथरा म्हणजे १:१२ ने ३.६ मीटरचा रॅम्प आणि वर दारासमोर दीड बाय दीड मीटर सपाट जागा. प्रत्यक्षात चौथरा होतो आणि रॅम्पच्या जागी दोन पायऱ्या येतात, कारण ३.६ मीटर जागा आराखड्यात धरलेलीच नसते. लिफ्टला दोन पायऱ्या! दुसरी गोष्ट, पिटमध्ये पंप, आणि त्याच्या नळीत उलट प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह. मुंबईत मुसळधार पाऊस आणि भरती एकत्र आली की गटारं तुडुंब भरलेली असतात. व्हॉल्व्ह नसेल तर पंप थांबताच गटाराचं पाणी त्याच नळीतून परत पिटमध्ये येतं. तिसरी गोष्ट फ्लोट स्विच, जो पाणी चढताना केबिनला वरच्या मजल्यावर नेऊन उभी करतो. केबिन वाचते. पण त्या वेळी पुलावर कोणी खुर्चीवर असेल तर तो वरच राहतो, म्हणून पावसाळ्यात माणूस नेमलेलाच असावा.

वरच्या मजल्यावर पाणी वेगळ्या वाटेने येतं. पश्चिम किनाऱ्यावर पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून. वरचं दार त्या बाजूला उघडत असेल तर पाणी थेट दाराच्या मोटरवर. मशीनरूम नसलेल्या आजच्या लिफ्टमध्ये कंट्रोल पॅनेल बहुधा वरच्या दाराच्या चौकटीतच असतं, म्हणजे तेही भिजतं. पुलाचं छत आणि लिफ्टचं छत यांच्यात हातभर फट सोडायची सवय कोणाला लागली कोण जाणे, पण ती फट बरोबर उंबऱ्यावर येते. दारासमोर जमिनीला बाहेरच्या बाजूला किंचित उतार हवा, आणि पाण्याची जाळी असेल तर तिच्या पट्ट्या चालण्याच्या दिशेला आडव्या, फट १२ मिमीच्या आत. पट्ट्या चालण्याच्या दिशेत असल्या तर पुढचं चाक सरळ आत जातं.

काचेचा शाफ्ट दिसायला छान. एप्रिल-मे महिन्यात दुपारनंतर पश्चिमेचं ऊन लागलं की ती भट्टी होते. ड्राइव्हचा, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या पेटीचा, पंखा धुळीने भरलेला असतो, तापमान वाढतं, ड्राइव्ह स्वतःहून बंद पडतो, आणि संध्याकाळी थंड झाल्यावर लिफ्ट आपोआप चालू. तंत्रज्ञ सकाळी येतो, 'चालू आहे' असं लिहून जातो. असा दुपारचा ठरावीक बिघाड दिसला की वायुवीजनाकडे बघायचं: वर-खाली झडपा, थर्मोस्टॅटवर चालणारा पंखा, पश्चिमेची काच अपारदर्शक. उन्हाची तिरीप थेट दारातल्या इन्फ्रारेड पडद्यावर पडली तरीही दार मिटत नाही, तेही सकाळी किंवा संध्याकाळी ठरावीक वेळीच.

आणखी एक बिघाड, जो बिघाडच नसतो. तळमजल्यावर काचेच्या डबीत अग्निशमनाचा स्विच असतो. काच फुटली आणि कोणी तो दाबला की लिफ्ट खाली येऊन दार उघडं टाकून उभी राहते, बाहेरच्या बटणाला उत्तरच देत नाही. तक्रार करण्याआधी तो स्विच बघून घ्यावा.

वीज गेली तर बॅटरीवरचं एआरडी, म्हणजे आपोआप सुटका करणारं उपकरण, केबिनला जवळच्या मजल्यावर नेऊन दार उघडतं. त्या बॅटऱ्या दोन-तीन वर्षांत थकतात, आणि मुख्य वीज असेपर्यंत थकल्याचं कळत नाही. महिन्याच्या देखभालीत मुख्य स्विच पाडून एकदा एआरडी चालवून बघायचं, एवढं लॉगबुकात लिहून घ्यावं. आतल्या आणीबाणीच्या फोनचंही तसंच. तो दाबल्यावर कुठे वाजतो? खालच्या रिकाम्या चौकीत वाजत असेल तर त्याचा उपयोग शून्य.

दुचाकीवाल्यांना अडवायला रॅम्पच्या तोंडाशी खांब रोवतात. खुर्ची ६५० ते ७०० मिमी रुंद, हाताचा वावर धरून किमान ९०० मिमी मोकळं हवं. मोटरसायकलचं हँडल साधारण ७०० ते ८०० मिमी. म्हणजे ज्या फटीतून खुर्ची जाईल त्यातून मोटरसायकल जाणारच. खांबांची भूमिती इथे हरते. तरी हट्टाने फट सहाशेवर आणली की दुचाकी थांबत नाही, ती बाजूने चढते, आणि थांबते ती फक्त खुर्ची. इथे कॅमेरा आणि दंड, दुसरं काही नाही.

लिफ्ट बंद राहते ती मात्र यंत्रापेक्षा कागदामुळे जास्त. बांधकामाच्या कंत्राटात दोषदायित्व कालावधी असतो, म्हणजे दोष निघाले तर कंत्राटदाराने दुरुस्त करायची मुदत. तोवर लिफ्ट चालते. तो संपला की देखभालीचं वेगळं कंत्राट लागतं, आणि मधल्या काळात कोणीच वाली नसतो. कंत्राट सुट्या भागांसकट नसेल तर ड्राइव्हचं एक कार्ड जळल्यावर दरपत्रकं, मंजुरी, खरेदी यात महिने जातात. वीजमीटर कोणाच्या नावावर, लिफ्टमन कोणाचा, पूल चोवीस तास उघडा असताना लिफ्ट रात्री दहाला कुलूपबंद का, हे सगळं त्या कंत्राटात बघायला मिळतं. माहिती अधिकारात मागायचं असेल तर तीनच कागद मागा: देखभालीचा करार, गेल्या बारा महिन्यांचं लॉगबुक, आणि लिफ्टचा परवाना. महाराष्ट्रात लिफ्टसाठी २०१७ चा स्वतंत्र अधिनियम आहे आणि तपासणी विद्युत निरीक्षकाकडे असते, त्यामुळे सुरक्षिततेची तक्रार तिकडे करता येते.

सुगम्यतेची तक्रार वेगळी. ती दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ खाली, राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे. या कायद्याच्या भंगाला पहिल्यांदा दहा हजार रुपयांपर्यंत, नंतर पन्नास हजार ते पाच लाखांपर्यंत दंड आहे. राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सांगितलं की सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीवजा ठेवणं मूळ कायद्याशी विसंगत आहे, आणि केंद्राला तीन महिन्यांत बंधनकारक नियम करायला सांगितलं. तक्रारीत 'गैरसोय होते' असं लिहू नका. 'रॅम्पचा उतार ७ अंश, म्हणजे १:८. १:१२ ला ४.८ अंश हवा' असं लिहा. मोबाइलमधलं उतार मोजायचं लेव्हल ॲप उघडून तो रॅम्पवर ठेवला की हा आकडा मिळतो.

जवळ उन्नत मेट्रो स्थानक असेल तर तो पर्याय आधी बघावा. ज्या स्थानकांत दोन्ही बाजूंना जोडणारा मधला मजला तिकीट-गेटच्या बाहेर आहे, तिथून तिकीट न काढता रस्ता ओलांडता येतो. तिथल्या लिफ्टवर दिवसभर लक्ष असतं, त्यामुळे त्या जास्त चालतात. दोन्ही बाजूंना लिफ्ट आहे ना, की एका बाजूला नुसता सरकता जिना, हे आधी विचारून घ्यावं. मेट्रोच्या वेळेबाहेर ही वाट बंद.

आणि साध्या पुलावर एक स्वस्तातली सोय हवी: पलीकडची लिफ्ट चालू आहे का हे अलीकडच्या तळमजल्यावर दाखवणारा दिवा. दोन्ही कंट्रोलरमध्ये बिघाडाचा संकेत असतोच, पुलाच्या कठड्याखालून एक केबल ओढायची, हिरवा आणि लाल दिवा लावायचा. सध्या माणूस वर जातो, चाळीस मीटर पूल पार करतो, तिथे दारावर चिकटवलेला 'लिफ्ट बंद' कागद वाचतो आणि परत फिरतो. दिवा लागेपर्यंत जायच्या आधी पलीकडच्या दुकानदाराला फोन करून विचारणं एवढंच हातात आहे. नंबर घेताना दोन दुकानांचे घ्यावेत, एक सकाळी लवकर उघडणारं आणि एक रात्री उशिरा बंद होणारं.